आलंच की!

परवा भर दुपारी कुरिअरवाल्या पोराचा फोन आला. गाडी रंकाळ्यापाशी पंक्चर झालेली, पंक्चरवाला जेवायला गेलेला, आणि हा ढकलत निघालेला. "काका, फुलेवाडी किती लांब हाय ओ?" माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "आलंच की!"

बऱ्याच वेळानं घामानं निथळत दारात उभा राहिला. पार्सल हातात ठेवलं नि म्हणाला, "काका, आलंच म्हंजे नेमकं किती ओ?" मी त्याला ताक दिलं.

हे 'आलंच की' मला आज्जीकडून आलंय. रविवारी पहाटे ती मला चालत जोतिबाला न्यायची. पंचगंगेचा पूल ओलांडला की वडणगे, मग निगवे, मग कुशिरे. डोंगर पहिल्यापासून समोर दिसायचा, पण जवळ म्हणून यायचा नाही. पायात नवीकोरी कोल्हापुरी. घातलेल्यांनाच ठाऊक, ती सुरुवातीला चावते. (चावत नाही ती कोल्हापुरीच नव्हे, या मताचा मी अजूनही आहे.) मी रडकुंडीला आलो की आज्जी म्हणायची, "आलंच बघ. निगव्यात पारावर शेंगा खाऊ." शेंगा खाल्ल्या की पुढचं काहीतरी आलेलं असायचं. सगळा रस्ता तिनं असा शेंगा, पाणी, सावली करत कापला. किती मैल, हे तिनं कधीच सांगितलं नाही. बहुतेक तिलाही माहीत नसावं.

चाळिशीत पहिल्यांदा पन्हाळा ते पावनखिंड चाललो. जुलैचा पाऊस, पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस. मसाई पठारावर धुकं असं, की पुढच्याची सॅक दिसेना. बुटात लाल चिखल, पोटऱ्यांना जळवा. तंबाखूची पुरचुंडी घासून त्या सोडवत होतो. खाली उतरल्यावर एका खाचरात खोळ पांघरून मावश्या भाताची लावण करत होत्या. "मावशी, खिंड किती राहिली?" कंबर न उचलता उत्तर आलं, "आलंच की, ह्यो माळ उतरला की." माळ उतरला. पुढच्या वाडीत एका आजोबांनी तेच सांगितलं, त्याच्या पुढच्या वाडीत एका शाळकरी पोरीनं. सकाळी मला याचा राग येत होता. दुपारनंतर कुणी भेटलं नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

आमच्यातल्या एकाच्या मोबाईलमध्ये नकाशा होता. गुडघे पार गेलेले असताना त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "अजून १९ किलोमीटर." सगळे होते तिथंच चिखलात बसलो. कुणी उठायचं नाव घेईना. आकडा अगदी बरोबर होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या रात्री त्याच्याशी कुणी धड बोललं नाही, एवढंच.

खिंडीत उतरलो तेव्हा पाणी धो धो वाहत होतं. जुलै १६६० मध्ये पालखी इथून पुढं विशाळगडाकडं गेली आणि बाजीप्रभू मागं थांबले, हे शाळेत पाठ केलेलं. घोडखिंडीची पावनखिंड कशी झाली, तेही. पण तिथं ओलाचिंब उभा असताना भलतंच डोक्यात आलं. रात्रभर चिखल तुडवून इथवर आलेले ते लोक. त्यांचं चालणं संपलं होतं. उरलेली वाट दुसऱ्याला चालायची होती, आणि ती संपली का हे कळायचं होतं म्हणे गडावरच्या तोफेवरून. त्यांच्यात कुणी दमलेल्याला "आलंच की" म्हणालं असेल का? आणि म्हणालं असेल, तर काय येणार होतं?

पुढं मला विचार करता आला नाही. गाडीची वेळ झाली होती.

यंदा परत जायचं चाललंय. नकाशावाला रोज फोन करतोय. त्याला न्यायचं का, ते अजून ठरलेलं नाही.