चॅटबॉट आणि शॅक

आज आमच्या हॉटेलच्या चॅटबॉटने एका पाहुण्याला बेधडक सांगितलं, 'जुलैत समोरचा शॅक चालू असतो!' अरे बाबा, पावसाळ्यात शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची ही झोपडीवजा खानावळ, मोडून ठेवतात, हे गोव्यात पोदेराच्या (पाववाल्याच्या) पोरालाही ठाऊक. माफीचा फोन अर्थात मी केला. याच बॉटच्या भरवशावर रात्रपाळीची दोन माणसं कमी केलीत.

जेवताना युनियनमधले काका सांगत होते, औद्योगिक संबंध संहितेतलं कलम 40 (नोव्हेंबर 2025 पर्यंत हेच 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9अ होतं): नव्या तंत्रामुळे कपात होणार असेल तर 21 दिवस आधी नोटीस. आम्हाला नोटीस कसली, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी आल्या, तेही रविवारी.

म्हापशाच्या कदंब बसमध्ये उभ्याने लिहितोय. उद्यापासून बॉटला गोव्याचा पावसाळा शिकवायचा. पगार तेवढाच.