भरदुपारचा आवाज

शनिवारवाड्यात गाइडचं काम करताना दिल्ली दरवाज्यावर फारसे कष्ट पडत नाहीत. हत्तीच्या धडकेला अडवायला ठोकलेले खिळे दाखवले की माणसं आपोआप फोटो काढायला लागतात. खरी कसरत आत आहे. लाकडी वाडा १८२८च्या आगीत गेला, उरले ते चौथरे आणि दगडी जोती. पायाखालचं जोतं दाखवून, वर हवेत बोट फिरवत मजल्यावर मजला चढवायचा आणि समोरच्याला तो ‘दिसायला’ लावायचा. हे मला जमतं, असं मी न लाजता सांगतो.

पण हल्ली मजले कुणालाच नको असतात. “ते ‘काका मला वाचवा’वालं कुठे झालं?” हा पहिला प्रश्न. खून झालेल्या नारायणराव पेशव्याची ती हाक अजूनही रात्री इथे ऐकू येते, अशी वदंता.

त्या दिवशीची पोरं तर तेवढ्यासाठीच आली होती. पाचसहा जण, गळ्यात माइक, काठीवर कॅमेरा. एकजण म्हणाला, “दादा, तुम्ही स्वतः आवाज ऐकलाय असं सांगा ना, बाकीचं आम्ही एडिट करतो.” मी म्हटलं, घडलं ते सांगतो, आवाज तुमचा तुम्ही घाला.

आणि सांगितलं. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. नारायणराव अठरा वर्षांचा. पगार थकल्याची कुरबूर करत गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, वाड्यात घुसले. तो धावत काका राघोबादादांच्या खोलीत गेला, त्यांना मिठी मारली. तुळाजी पवारानं त्याला ओढलं, सुमेरसिंगानं वार केले. नोकर, ब्राह्मण, कुळंबिणी मेल्या, एक गायसुद्धा. राघोबांच्या बायकोचा, आनंदीबाईंचा ‘ध चा मा’ सगळ्यांना पाठ असतो. चौकशी करून राघोबांना देहान्त प्रायश्चित्त सुनावणारे न्यायाधीश रामशास्त्री मात्र मलाच मध्ये आणावे लागतात.

मग मी नेहमीचा टोला हाणला. तुम्ही अमावास्या, पौर्णिमा, मध्यरात्र करत बसता, पण हे सगळं भरदुपारी झालं. भुताला वेळेचं भान असेल तर त्यानं दुपारीच यायला हवं.

पोरं हसली आणि तेवढ्यात मागून आवाज आला, “काका! काका!”

बारीक, फाटलेला आवाज. घड्याळात दीड वाजला होता. मला लक्षात यायला क्षणभर लागला की आवाज कोरड्या हौदातून येतोय. चारपाच वर्षांचा पोरगा आत उतरला होता, गुडघा सोलवटलेला, कडेला हात पोचत नव्हता.

माझ्या गटातल्या एकाही पायानं जागा सोडली नाही. काठ्या मात्र सगळ्या वर गेल्या. एकानं तर दुसऱ्याला “श्श, ऑडिओ खराब होईल” म्हणून गप्प केलं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी धावलो, पण माझ्याआधी झाडलोट करणाऱ्या मावशी खराटा टाकून आत उतरल्या होत्या. त्यांनी पोराला काखोटीला मारलं, पदरानं त्याचं नाक पुसलं आणि वर बघून विचारलं, “कुणाचं रे हे?”

त्याचा काका तिकडे नारायण दरवाज्यापाशी सेल्फी काढत होता. नारायणरावाचं प्रेत याच दारातून नेलं, अशी त्या दाराची ख्याती. आधी त्याचं नाव जांभूळ दरवाजा होतं.

हे संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पोरांनी तो तुकडा नेटवर टाकला. हौद कापला, मावशी कापल्या, पोरगाही कापला. उरला फक्त आवाज, त्यावर माझं वाक्य, “दुपारीच यायला हवं.” माझ्या भावानं मला तो कौतुकानं पाठवला, वर विचारलं, “काय रे, खरंच?”

आता पंचाईत अशी की त्या खोट्या व्हिडिओत वेळ बरोबर आहे. इतकी वर्षं घसा कोरडा करून मला जे पटवता आलं नाही, ते त्यानं करून दाखवलं. कालच एक फोन आला, “दादा, दुपारी दीडचं बुकिंग मिळेल का?”

दिलं. पण हौदापाशी नेणार नाही, असं आधीच सांगून टाकलंय.