झोपलेला 'क'

"ताई, तेव्हा माझा 'क' झोपला होता. आता उभा राहिलाय!"

सीनियर केजीतल्या मुलीनं आज जूनचं पान आणि कालचं पान शेजारी शेजारी ठेवलं. जूनच्या 'क'ची दांडी पार आडवी. बोट फिरवत स्वतःच म्हणाली, "पण शेपूट अजून लांब जातंय."

मी त्या पानावर नुसता स्टार दिला होता. तिनं त्याकडे बघितलंही नाही.

२०२०च्या शैक्षणिक धोरणात आहे, प्रगतिपुस्तकात मुलाचं स्वतःचं मूल्यमापनही हवं. वाचलं तेव्हा वाटलं होतं, एवढीशी पोरं काय सांगणार?

सुटताना, नौपाड्यातल्या त्या गर्दीत, आईचा पहिला प्रश्न: "आज किती स्टार?"

पोरगी 'क'चं सांगत होती. रिक्षा आली, राहूनच गेलं.

उद्या आईला ती दोन पानं तिलाच दाखवू द्यावीत का?