ताईचे काळेकुट्ट झालेले केस परत ब्राऊनवर आणतेय, आत्तापर्यंतची प्रगती

तर आधी सुरुवातीची परिस्थिती. केस माझ्या मावसबहिणीचे, खांद्याखाली वीतभर येतात. मुळांशी डार्क ब्राऊन, मध्ये जवळपास काळे आणि टोकं म्हणजे नुसती शाई, उन्हात धरली तरी तांबूस छटा शोधून सापडेना. ताईने घरच्या घरी ४ नंबरचा ब्राऊन कलर (१ म्हणजे काळा, नंबर वाढेल तशी शेड उजळ) मुळापासून टोकापर्यंत एकसारखा लावला होता, आणि लांबीवर आधीचा कलर होताच. टोकाचे केस सगळ्यात जुने, धुऊन विंचरून त्यांचं क्युटिकल, म्हणजे केसाचं बाहेरचं आवरण, उघडं पडलेलं असतं, त्यामुळे ते रंग अधाशासारखा ओढतात, त्यात जुन्या थरावर नवा थर. बॉक्सवरच्या बाईचे चॉकलेटी केस बघून शेड निवडायची नसते हे आपल्याला माहितीये, ताईला कोण सांगणार. घरात साखरपुडा तोंडावर आलेला, म्हणून मग फोन आला.

तिचा पहिला प्लॅन असा की वरून ६ नंबर लावून टाकू, म्हणजे मधलं काहीतरी निघेल. थांबवलं. परमनंट कलरमधलं पेरॉक्साइड केसातलं नैसर्गिक रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, उजळवतं, आधी बसलेला कृत्रिम रंग त्याने उतरत नाही. म्हणजे झालं काय असतं, मुळं भडक तांबूस आणि टोकं तशीच काळी, वर केसांवर अजून एक मार. कलरवर कलर चढतो, उतरत नाही, हे एवढं एकच वाक्य लोकांच्या डोक्यात बसलं तर अर्ध्या केसेस होणारच नाहीत.

मग मेंदीची चौकशी, आणि ही नीट करायची, कारण "मेंदी लावली होती का" विचारलं की सगळे नाही म्हणतात आणि "काळी मेंदी?" विचारलं की हो म्हणतात. बाजारातल्या बऱ्याच काळ्या मेंदीच्या पुड्यांमध्ये पीपीडी, म्हणजे केसांच्या डायमधलं रसायनच असतं, म्हणजे तो हेअर डायच. खरी मेंदी आणि नीळ असेल तर कलर रिमूव्हर (बसलेला डाय काढायचं औषध) काही करत नाही, आणि धातूचे क्षार घातलेली भेसळीची मेंदी असेल तर पेरॉक्साइड लागल्यावर केस तापून तुटूही शकतात. ताईने साधी मेंदी शेवटची लॉकडाऊनमध्ये लावलेली. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, वर्षाला १५, तिची लांबी ४५च्या आसपास, म्हणजे डोक्यावर जास्तीत जास्त तीन वर्षांचा इतिहास आहे आणि मेंदीवाले केस कधीच कापले गेलेत. हा हिशोब प्रत्येक वेळी करते मी, फार उपयोगी पडतो.

टेस्टसाठी मानेवरच्या आतल्या भागातल्या बारीक बटा घेतल्या, वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधल्या. एकीवर व्हिटॅमिन सी पावडर आणि क्लॅरिफाइंग (खोलवर साफ करणाऱ्या) शाम्पूची पेस्ट, एकीवर कलर रिमूव्हर, एकीवर अगदी सौम्य ब्लीच. (व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या नारंगी गोळ्या कुटून लावणाऱ्यांनो, त्यात साखर आणि रंग असतो, साधी अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडची पावडर घ्या.) व्हिटॅमिन सीने किंचित फरक, सेमी-परमनंट, म्हणजे काही धुण्यांत निघून जाणारा कलर असता तर जास्त दिसला असता. ब्लीचवाली बट लगेच नारंगी झाली आणि ओली असताना ताणली तर रबरासारखी लांबली, त्यामुळे पूर्ण डोक्यावर ब्लीच हा पर्याय तिथेच बाद. रिमूव्हरची बट मस्त, मध्यम ब्राऊन.

रिमूव्हर करतो काय, तर डाय लावताना लहान रेणू केसात शिरतात, पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि मग बाहेर पडू शकत नाहीत, रिमूव्हर ती जोडणी उलटी फिरवतो. पण तुकडे आतच असतात, ते धुऊन काढायचं काम आपलं! सगळा खेळ इथेच आहे आणि लोक इथेच कंटाळतात. नीट धुतलं नाही तर हवेतल्या ऑक्सिजनने तुकडे परत जोडले जातात आणि सकाळी उठून बघावं तर केस पुन्हा काळे.

शनिवारी केलं. आदल्या रात्री खोबरेल तेल लावून ठेवलं होतं, खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुण्यात जाणारं प्रोटीन कमी करतं, यावर मुंबईत मॅरिकोच्या लोकांनी केलेला अभ्यास २००३ साली छापून आलाय, म्हणजे आजीचं बरोबरच होतं. सकाळी शाम्पूने तेल पूर्ण काढलं, केस कोरडे केले, रिमूव्हर आधी टोकांना, मग मधल्या भागात, मुळांना सगळ्यात शेवटी आणि थोडाच. घरभर सडक्या अंड्याचा वास, भाऊजी बाल्कनीत जाऊन बसले. मग धुणं. कोमट पाणी, शाम्पू, पुन्हा पाणी, बादलीमागून बादली, त्यात त्यांच्या सोसायटीत टँकरचं जड पाणी, फेस होता होईना. हात दुखले पण सोडलं नाही.

वाळल्यावर मुळं आणि मधला भाग तांबूस ब्राऊन, साधारण ५ची लेव्हल. ताई म्हणाली, "अगं, हा माझा मूळ रंग नाहीये!" नसणारच, बॉक्समधल्या पेरॉक्साइडने मूळ मेलॅनिन आधीच उजळवलेलं असतं, डाय निघाला की खाली तांबूसच सापडतं. टोकांना मात्र अजून काळसर पट्टा, चारेक बोटं.

यानंतर लगेच कलर लावायचा मोह होतो, नका लावू. आत उरलेले तुकडे नव्या पेरॉक्साइडने पुन्हा जोडले जातात आणि ठरवलेल्यापेक्षा गडद रंग येतो. मी आठवडाभर नुसतं शाम्पू-कंडिशनरवर ठेवलं आणि रंग परत गडद होतोय का ते बघितलं. नाही झाला.

पुढच्या रविवारी फक्त टोकांच्या पट्ट्यावर ब्लीच वॉश. ब्लीच पावडर, १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइडचं डेव्हलपर आणि शाम्पू, तिन्ही समान, ओल्या केसांवर. घड्याळ बघून नाही, केस बघून काढायचं, दर दोन मिनिटांनी एक बट पुसून बघत होते. मधल्या भागाशी जुळलं की लगेच धुतलं. २० व्हॉल्यूमने लवकर झालं असतं, पण त्या टोकांत तेवढा जीव नव्हता.

मग टोनिंग, म्हणजे नको असलेली छटा मारणं. तांबूसपणा मारायला निळसर-राखाडी छटेचा अ‍ॅश, कारण नारंगीला निळा कापतो. शेड ६.१ (पॉइंटनंतरचा १ म्हणजे ही छटा), अमोनिया नसलेला डेमी, म्हणजे परमनंटपेक्षा सौम्य आणि हळूहळू निघून जाणारा कलर, हवा होता ५ तरी मुद्दाम एक पायरी वरचा घेतला, कारण असे उघडे पडलेले केस दिलेल्यापेक्षा जास्त गडद पकडतात. कानामागची पॅच टेस्ट ४८ तास आधीच करून ठेवली होती, नेहमी वापरते म्हणून सूट नाही, पीपीडीची अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही होऊ शकते. डेमी आधी मधल्या भागात, टोकांना शेवटची काही मिनिटंच.

आत्ता घरात बघितलं तर सरळ मध्यम ब्राऊन, उन्हात थोडा तांबूस मारतो. ताईला अजून अ‍ॅश हवाय, मी नाही म्हटलंय. सावळ्या रंगावर ती ऊब छान दिसते आणि अ‍ॅशच्या मागे लागलं की थरावर थर चढून आपण परत काळ्याच्याच दारात. टोकं दोन बोटं कापली, उरलेल्या पट्ट्यात एक-दोन ठिकाणी गडद डाग आहेत, वेणी घातली तर दिसत नाहीत.

राहिलं काय तर कानशिलावरचे पांढरे. ते उगवले की फक्त मुळांना ५ नंबर, शेपटीवाल्या कंगव्याने भांग पाडत, आणि खालच्या लांबीला आधी भरपूर कंडिशनर चोपडून ठेवायचा म्हणजे धुताना रंग तिथे बसत नाही. ब्रश माझ्या हातात असेल, एवढं ताईकडून कबूल करून घेतलंय.