आमची वाटचाल : सुतावरून जर्सी

न्यू जर्सीत राहून जर्सी तपासतो हा विनोद घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा करून झालाय, तेव्हा तो इथेच मिटवू. आमची फर्म छोटी. मी, ही, आणि आता भाचा. काम एकच, सामन्यात घातलेली जुनी बेसबॉल जर्सी खरी आहे का, आणि असेल तर दहापैकी किती गुणांची. आजकालच्या जर्सी आम्ही घेत नाही, २००१ पासून मेजर लीगचाच होलोग्राम स्टिकर आहे, सामन्याला त्यांचा माणूस हजर असतो, मग आमच्यासारख्याने काय तपासायचं. आमचा माल फ्लॅनेलचा, म्हणजे लोकरीचा. १९७० च्या जुलैत पिट्सबर्ग पायरेट्स नव्या स्टेडियमवर डबल-निट, म्हणजे कृत्रिम धाग्याचं ताणणारं कापड घालून उतरले आणि दोन-तीन वर्षांत मोठ्या लीगमधून लोकर गेलीच, त्यामुळे आमची हद्द साधारण तिथपर्यंत.

मी इचलकरंजीचा. घरात लूम, टेक्स्टाइलचा डिप्लोमा, मग इथे पॅटरसनला एका डाय हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, नोकरी. पॅटरसनला एकेकाळी सिल्क सिटी म्हणायचे, मी आलो तेव्हा सिल्क नव्हतं आणि पुढे आमचं डाय हाऊसही राहिलं नाही. बेसबॉल मला आजही धड कळत नाही, इन्फिल्ड फ्लायचा नियम भाचा दर सीझनला समजावतो आणि मी दर सीझनला मान हलवतो. पण या धंद्यात बेसबॉल कळणारे पायलीला पन्नास आहेत. कापड कळणारे किती, ते सांगा.

हत्यारं म्हणाल तर पहिलं म्हणजे पिक ग्लास, धागे मोजायचं भिंग, घडीचं, पितळी, इचलकरंजीहून येताना खिशात होतं तेच. एका इंचात उभे किती आडवे किती हे मोजल्याशिवाय मी टॅगकडे बघतसुद्धा नाही, कारण टॅग उसवून दुसरीकडे लावता येतो, आख्खं कापड नाही येत. मग लाइट बॉक्स, खालून उजेड टाकला की जुन्या सुईची भोकं दिसतात. मग ब्लॅक लाइट. इथे नवशिके फसतात, जर्सी चमकली की खोटी म्हणून मोकळे होतात, अरे बाबा पन्नास वर्षांत कोणीतरी ती नव्या साबणात धुतली असेल की नाही, साबणातलं ब्राइटनर कापडात बसतंच, तेव्हा चमक बघायची नाही, चमकेतला फरक बघायचा, कापड मंद आणि धागा लख्ख असेल तर मग बोला. आणि लेबल. अमेरिकेत लोकरीच्या कपड्यांना लेबलचा कायदा १९४१ पासून लागू आहे, लेबलवरचे WPL नंबर, म्हणजे कंपनीचे नोंदणी नंबर, तेव्हापासूनचे, म्हणजे १९३६ ची म्हणून आलेल्या जर्सीच्या लेबलवर तो असेल तर घरी न्या. धुण्याच्या सूचनांचं लेबल सक्तीचं झालं १९७२ ला. हे सगळं सरकारी कागदात फुकट मिळतं, तरी वाचायला कोणाला वेळ नाही.

आमच्या आजींबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आजी म्हणजे माझी नव्हे, युनियन सिटीतल्या क्यूबन बाई, सुरुवातीला फर्ममध्ये निम्मी पार्टनर. युनियन सिटी म्हणजे एकेकाळी श्किफ्ली एम्ब्रॉयडरीचं, मोठ्या मशीनवरच्या भरतकामाचं गाव, गल्लोगल्ली मशीन, आजींचं सगळं आयुष्य त्यात गेलं. त्यांच्याकडे सिंगरचं ११४W१०३ होतं, ज्यात टेबलाखाली एक हँडल असतं आणि उजव्या हाताने ते फिरवत शिवण वळवायची, जर्सीच्या कॉलरमध्ये चेन स्टिचने, म्हणजे साखळी टाक्याने, खेळाडूचं नाव काढायचे ते असल्याच मशीनवर. आता हाताने फिरवायचं म्हटल्यावर प्रत्येकाचं वळण वेगळं पडणार. आजी 'S' चं पोट बघून सांगायच्या की बाई सावकाश काढते आहे का घाईत आहे, आणि एकाच सीझनच्या दोन जर्सी शेजारी ठेवल्या तर एकाच हाताच्या आहेत का तेही सांगायच्या. माझं इंग्रजी मराठी वळणाचं, त्यांचं स्पॅनिश वळणाचं, धाग्यावर मात्र आमचं कधी अडलं नाही. पैशाचा हिशेब त्या वहीत पेन्सिलीने ठेवायच्या आणि एक डॉलर इकडचा तिकडे होऊ द्यायच्या नाहीत. हिने हिशेब त्यांच्याकडूनच शिकून घेतला.

मधली बरीच वर्षं बरी गेली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

मग ती जर्सी आली. न्यूयॉर्क यांकीजची होम जर्सी, पिनस्ट्राइप म्हणजे बारीक उभ्या पट्ट्यांची, पन्नासच्या दशकातली, पाठीवर ७. म्हणजे कोणाची ते तुम्हाला सांगायला नको. मिकी मँटल, यांकीजचा मोठा स्टार, १९५१ ला आधी ६ नंबर घालायचा, मग मायनरला, खालच्या लीगला पाठवला, परत आला तो ७ घेऊन, तेव्हापासून पन्नासच्या दशकातला ७ म्हणजे सोनं. पाठवणारं एक ऑक्शन हाऊस होतं, नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. कापड खरं, टॅग खरा, समोरचा NY खरा, झिजलेली कॉलरही खरी. लाइट बॉक्सवर पाठ ठेवली तर ७ च्या खाली आणि बाजूला भोकांच्या दोन रांगा, ३ आणि ४ स्पष्ट. कॉलरमधल्या नावाखाली आणखी एक नाव उसवलेलं. ऑक्शन हाऊसचं म्हणणं, टीमनेच नंबर बदलला असेल, जुन्या जर्सी खालच्या टीमना जायच्या, तिथे बदलायचेच. हो, जायच्या आणि बदलायचे, पण खालच्या टीमला पाठवताना मोठ्या स्टारचा नंबर कोण चढवतं? शिवाय फेल्टचा ७ ज्या धाग्याने शिवला होता तो ब्लॅक लाइटखाली ट्यूबलाइटसारखा पेटला. परवानगी घेऊन एक सुटलेलं टोक कापलं आणि जाळलं, राख नाही, वितळून काळा मणी झाला. पॉलिएस्टर. आजींनी कॉलर बघितली आणि म्हणाल्या हे नाव काढणाऱ्याला वळण घेताच येत नाही.

आमची पद्धत सरळ आहे, टीमने नंबर बदलला तर गुण कापायचे, मागाहून कोणी बदलला तर त्या खेळाडूच्या नावाने ग्रेडच द्यायची नाही. तसं लिहून दिलं. जर्सी खरी, यांकीजची, पण ७ नंबरवाल्याची नाही.

पुढच्या आठवड्यात तीच जर्सी दुसऱ्याकडे गेली. हा दुसरा म्हणजे आमच्या धंद्यातला मोठा माणूस, त्याच्याबद्दल मी पानंच्या पानं लिहू शकतो आणि ही म्हणते लिहू नका. त्याचं काम म्हणजे लेटरहेड. जाड कागद, सोनेरी शिक्का, दीड ओळीचं मत. त्याने दहापैकी दहा दिले, टॅग योग्य, नंबर योग्य, झीज योग्य. जर्सी उलटी करून बघितली होती का हे मी त्याला संग्राहकांच्या नॅशनल कन्व्हेन्शनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, तो हसला आणि म्हणाला तुम्ही लोक फार शिंपीपणा करता. शिंपीपणा! जर्सी कोणी शिवली रे, वकिलाने?

जर्सी विकली गेली. आणि आमच्याकडचं काम थांबलं. कोणी भांडलं नाही, नोटीस नाही, नुसते फोन यायचे बंद. ऑक्शन हाऊसवाल्यांना नाही म्हणणारा माणूस नको असतो, आणि ते एकमेकांशी बोलतात. त्यात २००८ ची मंदी, हौशी लोकांनीही हात आखडते घेतले. वर्षभर घर हिच्या नोकरीवर चाललं, मायक्रोस्कोप विकायला काढला होता. आजींनी आपला हिस्सा मागितला नाही, उलट दुपारी मशीन सुरू करून शाळांच्या बँडची नावं शिवायला घेतली आणि त्याचे पैसे फर्मच्या वहीत मांडले. आणि स्टेटन आयलंडचे एक रिटायर्ड फायरमन, आमचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक, त्यांनी अख्खं कलेक्शन पुन्हा ग्रेडिंगला पाठवलं, आम्हीच आधी केलेलं. मी म्हटलं काका, ग्रेड तीच येणार. ते म्हणाले येऊ दे, बिल पाठव.

मग फोटो मॅचिंगचं, जुन्या फोटोशी जर्सी जुळवायचं, युग आलं. फ्लॅनेल कापताना पिनस्ट्राइपची पट्टी बटणपट्टीवर कुठे तुटते, अक्षराचा कोपरा कुठल्या पट्टीवर बसतो हे प्रत्येक जर्सीत वेगळं, तेव्हा जुना वायर फोटो, वृत्तसंस्थेने पाठवलेला, चांगला असला की जुळवता येतं. ताकद काय आहे त्यात, तर यांकीजच्याच बेब रूथची १९३२ च्या वर्ल्ड सिरीजची जर्सी, २००५ ला नऊ लाख चाळीस हजार डॉलर, फोटो जुळल्यावर २०२४ ला दोन कोटी एक्केचाळीस लाख. आमच्या त्या ७ नंबरचाही फोटो जुळला. एका कोचच्या अंगावर, पाठीवर ३४. जुळवणाऱ्यांचं कौतुक झालं, लेख आले. आम्ही हे आधीच लिहून दिलं होतं याचा उल्लेख एका ओळीतही नाही. आमच्या रिपोर्टची कॉपी मी त्या ऑक्शन हाऊसला पुन्हा मेल केली, पोच आली, बाकी काही नाही. आजी तोवर गेल्या होत्या.

आता ज्यांच्याकडे जर्सी आहेत त्यांच्यासाठी, विचारलं नसलं तरी. तारेच्या हँगरला टांगू नका, ओली-सुकी लोकर खांद्यात ओघळते, आडवी ठेवा, मध्ये आम्लविरहित कागद. ड्रायक्लीनला दिलीत तर वापराचे डाग जातील आणि तेच तर आम्हाला बघायचे असतात. कसर दिसली तर डांबरगोळ्या नकोत, पिशवीत सील करून फ्रीजरमध्ये ठेवा. फाटलेलं रफू करून घेऊ नका. आणि तपासणारा विकणाऱ्याने निवडला असेल तर पत्राचा कागद कितीही जाड असो, दुसऱ्याला दाखवा. आम्हालाच दाखवा असं नाही, पण जर्सी उलटी करून बघणाऱ्याला.

त्या मोठ्या माणसाने धंदा विकला, फ्लोरिडाला असतो म्हणे. त्याची पत्रं अजून जर्सीबरोबर येतात. त्या पत्रवाल्यांकडून फी जास्त घेता का, असं परवा एकाने विचारलं. फी तेवढीच. वेळ जास्त लागतो, कारण त्यात आधी भोकं मोजावी लागतात.