अँपची घुंईईई आणि एक फुगलेला कपॅसिटर

बाबांचा जुना अँप (म्हणजे गाण्यांचा अँप्लिफायर) गेले कित्येक महिने नुसता घुंईईई करायचा, गाणं बंद केलं तरी चालूच. परवा शेवटी उघडला तर पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर वरून मस्त पुरीसारखा फुगलेला!

आपल्याकडे लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी; ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणारा भाग) गेली की दोन्ही बाजूंचे मिळून सेकंदाला व्होल्टेजचे १०० उंचवटे येतात, आणि तीच ती घुंई. कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी समजा, पाणी येतं तेव्हा भरून घ्यायची आणि मधल्या वेळात तीच पुरवायची. टाकी लहान पडली की नळ गुचक्या देणार. ढोबळ हिशोब सांगतो, अर्धा अँपिअर लोडला १००० मायक्रोफॅरडचा (हे टाकीचं माप) कपॅसिटर लावला तर व्होल्टेज जवळपास ५ व्होल्टने वरखाली होतं, ४७०० लावला की साधारण १ व्होल्टच. मी ४७०० चा टाकला, घुंई गायब. (प्लस-मायनस उलटं लावू नका हां, फुटतो.)

पण बारीक चर्रर्र उरलीच होती. ती जास्त फ्रिक्वेन्सीची, आणि तिथे हा मोठा गडी काही कामाचा नाही कारण त्याच्या पायांचं आणि आतल्या गुंडाळीचं इंडक्टन्सच (करंटला झटकन बदलू न देणारा गुण) आडवं येतं. तिथे ०.१ मायक्रोफॅरडचा तो चिल्लर सिरॅमिक कपॅसिटर लागतो, तोही आयसीच्या (अँपमधल्या चिपच्या) सप्लाय पिनला अगदी चिकटून, चार इंच लांब वायरने जोडलात तर लावून न लावल्यासारखाच. लावला, आणि आता बाबा म्हणतात आवाज कमी झाला वाटतं.