आज्जी पाणी का पीत नव्हत्या

खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या आज्जी, वय 74. जुलैच्या पावसात गोठ्यात पाय घसरला आणि उजवा खुबा मोडला. घरचे सगळे रोपलावणीला गेलेले. सून परत येईपर्यंत तिथंच पडून होत्या. बेळगावला आमच्या वॉर्डात आल्या, अर्धा सांधा बदलायचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं.

दुसऱ्या रात्री मात्र त्यांचं बोलणं बिघडलं. "धार काढायची राहिली, सोडा मला," म्हणत खाटेच्या कठड्यावरून पाय टाकायला बघत होत्या. सकाळी मी ड्यूटीवर आले तर मुलगा रडवेला. "सिस्टर, आईच्या डोक्यात काय शिरलं?" खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम पुष्कळदा होतो; दुखणं, ताप, झोपमोड, औषधं, कशानंही. डॉक्टरांना कळवलं, त्यांनी रक्त-लघवी तपासायला सांगितली. अंग पुसायला घेतलं तेव्हा दिसलं, ओठांच्या साली निघालेल्या, जीभ कोरडी ठणठणीत. उशाजवळचा तांब्या काठोकाठ भरलेला. लघवीची नळी आदल्या दिवशीच काढली होती.

मुलाला चहाला पाठवलं, पडदा ओढला. "आज्जी, पाणी का पीत नाही?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "प्यालं की भांडं मागावं लागतं गं. पोरगा उशाशी बसलेला. त्याच्यासमोर कसं मागू?"

तो भरलेला तांब्या आमच्यापैकी एकीच्याही नजरेत आला नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

घरच्यांचं म्हणणं, महिनाभर हलवू नका. पण पडून राहिलं की छातीत कफ साठतो, टाचांना, पाठीला जखमा होतात, पोटरीत रक्ताची गाठ धरते. दुखण्याची गोळी लागू पडल्यावर फिजिओ आले. ते कन्नड बोलणारे, आज्जींना कन्नड येत नाही. पण "सावकाश" हा शब्द दोन्हीकडचा. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. वॉकरची दांडी इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी पडली. चार पावलांवर कमोडची खुर्ची. बसवून मी पडद्याबाहेर हाताच्या अंतरावर थांबले.

परत खाटेवर आल्यावर त्यांनी स्वतःच तांब्याकडे बोट केलं. संध्याकाळी वाडगाभर पेज घेतली. त्या रात्री दोनदा उठल्या, दोन्ही वेळा बेल वाजवून.

घरी खाली बसायचा संडास. मुलाला सांगितलं, खुर्ची उंच हवी, बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. त्यानं बँडेजची पट्टी मागून घेतली, आमच्या खुर्चीला लावून मापाला गाठ मारली आणि खिशात ठेवली.